एका नदीचे दोन कायदे

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील ऑरेगन राज्यात रोग नावाची एक नदी आहे. क्रेटर लेक या ज्वालामुखीच्या मुखात साठलेल्या सरोवराच्या परिसरात तिचा उगम आहे. कॅस्केड पर्वतावरील सूचिपर्णी अरण्यांतून उतरत, लाव्हाच्या खडकांतून वाट काढीत, सुमारे ३४५ किलोमीटरचा प्रवास करून ती पॅसिफिक महासागराला मिळते. या नदीच्या वरच्या अंगाला जे राष्ट्रीय वन आहे, त्यात जेथे विशेष मनाई नाही अशा कोणत्याही जागी माणसाने राहुटी ठोकली, तर शासन त्याच्याकडून एक छदामही घेत नाही. त्याच नदीच्या काठी, बरेच खाली, ग्रँट्स पास नावाचे सुमारे ३९ हजार वस्तीचे शहर आहे. तेथील सार्वजनिक उद्यानात एखादा बेघर माणूस पांघरूण अंगावर ओढून झोपला, तर त्याला २९५ डॉलर दंड होत असे. पाणी तेच, आकाश तेच, जमीनही दोन्ही ठिकाणी जनतेच्याच मालकीची. परंतु एका ठिकाणी झोपणे हा नागरिकाचा आनंद ठरला आणि दुसऱ्या ठिकाणी तो दंडनीय अपराध ठरला. हा भेद कोठून आला याचा शोध घेणे समाजवादी विचाराच्या कार्यकर्त्याला उपयोगाचे आहे, कारण सार्वजनिक मालमत्ता म्हणजे नेमके काय, या जुन्या प्रश्नाचे उत्तर त्यात दडलेले आहे.

प्रथम वनातील व्यवस्थेचा विचार करू. अमेरिकेतील राष्ट्रीय वनांचे क्षेत्र सुमारे १९ कोटी ३० लाख एकर आहे. त्यांचा कारभार संघराज्याच्या वनसेवेकडे आहे. या वनांत आखून दिलेले, शुल्क आकारणारे तळ आहेतच. परंतु त्यांच्या बाहेर, रानात कोठेही मुक्काम करण्याची मुभाही आहे. या प्रकाराला तेथे 'डिस्पर्स्ड कॅम्पिंग' म्हणतात. आपल्या भाषेत त्याला मोकळा मुक्काम म्हणता येईल. तेथे नळ नसतो, शौचकूप नसतो, कचरा उचलणारा नसतो, आणि म्हणून भाडेही नसते. नियम थोडे पण स्पष्ट आहेत. ओढ्या-नदीपासून सामान्यतः दोनशे फूट अंतर राखावे, मैला खड्डा खणून पुरावा, आणलेली प्रत्येक वस्तू परत न्यावी, वणव्याच्या दिवसांत चूल पेटवू नये, आणि एका जागी ठरावीक दिवसांपेक्षा, बहुधा चौदा दिवसांपेक्षा, अधिक राहू नये. आरक्षण नाही, तिकीट नाही, ओळखपत्र दाखविण्याची सक्ती नाही. जगातील सर्वांत प्रबळ भांडवलशाही राष्ट्राच्या हृदयात बाजाराला मज्जाव असलेला एवढा विस्तीर्ण प्रदेश शिल्लक आहे, ही गोष्ट सहसा कोणी आपल्या ध्यानात आणून देत नाही.

हा प्रदेश आपोआप शिल्लक राहिला नाही. १८९१ च्या कायद्याने अध्यक्षांना वने राखून ठेवण्याचा अधिकार मिळाला आणि १८९३ मध्ये कॅस्केड पर्वतरांगेतील अरण्ये राखीव झाली. १९०५ मध्ये वनसेवा स्थापन झाली. तिचे पहिले प्रमुख गिफर्ड पिंचो. हे पिंचो वनविद्या शिकण्यासाठी युरोपात गेले असता त्यांना गुरू लाभले ते डीट्रिश ब्रँडिस, म्हणजे १८६४ पासून हिंदुस्थानच्या वनखात्याचे पहिले महानिरीक्षक असलेले जर्मन वनशास्त्रज्ञ. आपल्या देशातील वनखाते आणि अमेरिकेतील वनसेवा यांचे गुरुघराणे असे एक आहे. लाकूड कंपन्यांनी एकामागून एक डोंगर बोडके करीत पश्चिमेकडे कूच केलेली होती. त्यांना लगाम घालण्यासाठी शासनाने जमीन विकणे थांबविले पाहिजे, ही पिंचो यांची भूमिका होती.

रोग नदीच्या खालच्या खोऱ्यातील जमिनीची कथा तर एखाद्या अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात घालावी अशी आहे. १८६६ मध्ये संघराज्याने ऑरेगन-कॅलिफोर्निया लोहमार्गासाठी रेल्वे कंपनीला लाखो एकर जमीन बहाल केली. १८६९ मध्ये त्याला अट जोडली गेली ती अशी, की ही जमीन प्रत्यक्ष वस्ती करणाऱ्यांनाच, एका माणसाला १६० एकरांपेक्षा अधिक नाही आणि एकरी अडीच डॉलरपेक्षा महाग नाही, अशा रीतीने विकावी. कंपनीने ही अट धाब्यावर बसविली. मोठमोठे पट्टे लाकूड व्यापाऱ्यांच्या घशात गेले आणि उरलेली जमीन कंपनीने दाबून ठेवली. प्रकरण न्यायालयात गेले, आणि अखेर १९१६ मध्ये काँग्रेसने कायदा करून सुमारे २८ लाख एकर जमीन परत सरकारजमा केली. मक्तेदाराच्या हातातून सार्वजनिक संपत्ती परत घेता येते, याचे हे उदाहरण अमेरिकेतील आहे, रशियातील नव्हे.

मात्र या इतिहासाचे एक पान याच्याही आधीचे आहे, आणि ते वगळून सार्वजनिक जमिनीचे गोडवे गाणे अप्रामाणिकपणाचे होईल. 'रोग' या शब्दाचा इंग्रजीतील अर्थ लबाड किंवा बदमाश असा आहे. फर जमविणाऱ्या फ्रेंच शिकाऱ्यांनी तेथील मूलनिवासींना जी शिवी दिली, तीच पुढे नदीचे नाव होऊन बसली, असे सांगतात. १८५३ मध्ये टेबल रॉक येथे या जमातींशी करार झाला, १८५५-५६ मध्ये युद्ध झाले, आणि १८५६ मध्ये उरलेल्या स्त्री-पुरुषांना, मुलाबाळांना त्यांच्या खोऱ्यातून हाकलून उत्तरेकडील ग्रँड राँड आणि सिलेट्झ येथील राखीव प्रदेशांत नेण्यात आले. ज्यांची जमीन त्यांनाच 'लबाड' ठरवून मग ती सर्वांची झाली. सार्वजनिक मालकीच्या पायाखाली कोणाचे घर गाडले गेले आहे, हे विचारण्याची सवय म्हणूनच लावून घ्यावी लागते. हा प्रश्न पुढेही येणार आहे.

१९६८ साली या नदीच्या संदर्भात दोन घटना घडल्या. त्यांपैकी एक कायद्याची, दुसरी विचाराची. अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी वन्य व निसर्गरम्य नद्यांच्या संरक्षणाच्या कायद्यावर सही केली. आरंभीच ज्या आठ नद्यांना संरक्षण मिळाले त्यांत रोग ही एक होती. ग्रँट्स पासच्या थोडे खाली अ‍ॅपलगेट नदी तिला मिळते, तेथपासूनचा सुमारे १३५ किलोमीटरचा टप्पा त्या वर्षी संरक्षित झाला. १९८८ मध्ये उगमाकडील टप्पाही झाला. त्याच वर्षी, म्हणजे १९६८ मध्ये, गॅरेट हार्डिन या जीवशास्त्रज्ञाचा 'सामाईक मालमत्तेची शोकांतिका' या आशयाचा निबंध प्रसिद्ध झाला. जे सर्वांचे ते कोणाचेच नसते, प्रत्येक जण आपली गुरे वाढवीत जातो आणि कुरण उजाड होते, हा त्याचा सिद्धान्त. खाजगीकरणाच्या पुरस्कर्त्यांनी तो पुढे पन्नास वर्षे वेदवाक्यासारखा वापरला. एलिनॉर ऑस्ट्रोम यांनी १९९० च्या आपल्या ग्रंथात जगभरची उदाहरणे देऊन दाखवून दिले की नियम, देखरेख आणि वापरणाऱ्यांचा सहभाग असेल तर सामाईक मालमत्ता शतकानुशतके टिकते. त्यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. मोकळ्या मुक्कामाची चौदा दिवसांची मर्यादा, पाण्यापासूनचे अंतर, चुलीवरची बंदी, हे सारे अशाच नियमांचे साधे रूप आहे.

येथे एक मूलभूत आर्थिक प्रश्न आहे. कोणतीही मर्यादित वस्तू माणसांत वाटावयाची असेल तर दोन मार्ग संभवतात. एक पैशाचा: ज्याची ऐपत अधिक त्याने घ्यावी. दुसरा पाळीचा आणि वेळेचा: प्रत्येकाने थोडे थोडे घ्यावे, मग जागा दुसऱ्याला सोडावी. नदीकाठच्या राहुटीवर दर रात्रीचे भाडे बसविले की पहिला मार्ग सुरू होतो. चौदा दिवसांची मर्यादा घातली की दुसरा. पहिल्या मार्गाचा दबाव तेथेही सतत आहे. १९९६ मध्ये प्रायोगिक म्हणून सार्वजनिक जमिनींवर मनोरंजन शुल्क सुरू झाले आणि ठिकठिकाणी रानात नुसती मोटार उभी करण्यासाठीसुद्धा पैसे मागण्यात येऊ लागले. लोकांनी विरोध केला. २००४ च्या कायद्याने शुल्क चालू ठेवले खरे, परंतु जेथे शासनाने सोयींवर फारसा खर्च केलेला नाही अशा मोकळ्या मुक्कामाच्या जागी, तसेच रस्त्याकडेला नुसती गाडी लावण्यासाठी, शुल्क घेण्यास मनाई करावी लागली. वनसेवेने ही मनाई वळसा घालून ओलांडू पाहिली तेव्हा २०१२ मध्ये संघराज्याच्या अपील न्यायालयाने तिला रोखले. फुकट मुक्कामाची ही सवलत कोणी दयेने दिलेली नाही. हट्टाने राखलेली आहे.

तरीही वेळेने केलेली वाटणी न्याय्य ठरण्यासाठी एक अट आहे: वेळ सर्वांपाशी असला पाहिजे. अमेरिकेच्या संघराज्याच्या कायद्यात कामगाराला भरपगारी रजेचा हक्क नाही. मालक देईल ती रजा. प्राध्यापक, वकील, निवृत्त अधिकारी चौदा दिवस नदीकाठी काढू शकतात. हॉटेलात भांडी घासणारी स्त्री किंवा गोदामात खोकी उचलणारा तरुण एक आठवडा जरी गैरहजर राहिला, तरी त्याचे घरभाडे थकते. ज्या वनात तिकीट नाही, त्या वनाच्या वाटेवर अशा रीतीने अदृश्य तिकीट उभे असते. आठ तासांच्या दिवसासाठी ज्या चळवळीने रक्त सांडले, तिला हे सांगण्याची गरज नाही की विश्रांती ही मजुरीइतकीच वर्गीय प्रश्नाची बाब आहे.

आता नदीच्या प्रवाहाबरोबर खाली, ग्रँट्स पास शहरात येऊ. दोन संरक्षित टप्प्यांच्या मध्ये हे शहर आहे. लाकूड कापणे आणि गिरण्यांत ते चिरणे हा या मुलखाचा मुख्य धंदा होता. रेल्वेकडून परत घेतलेल्या जमिनींवरील लाकडाच्या उत्पन्नाचा मोठा हिस्सा १९३७ च्या कायद्याने जिल्ह्यांना मिळत असे, आणि म्हणून जोसेफिन जिल्ह्यातील मालमत्ताकर राज्यात अगदी तळाशी राहिला. पुढे जुनी अरण्ये संपत आली, १९९० मध्ये ठिपक्यांच्या घुबडाला संरक्षण मिळाले, १९९४ मध्ये तोडीवर नवी बंधने आली, गिरण्यांत यंत्रे आली, आणि उत्पन्न आटले. कर वाढविण्यास मतदारांनी वारंवार नकार दिला. २०१२ मध्ये जिल्ह्याला पोलीस दल आणि तुरुंग या सेवासुद्धा कापाव्या लागल्या. दुसरीकडे निसर्गरम्य नदीमुळे बाहेरचे धनिक आणि निवृत्त लोक येऊ लागले, घरांच्या किमती आणि भाडी चढली, आणि रिकामी घरे शंभरांत एखादे इतकी कमी झाली. ज्या सौंदर्याचे शासनाने संरक्षण केले, त्याचा नफा जमीनमालकांनी भाड्याच्या रूपाने खिशात घातला. हेन्री जॉर्ज यांनी एकोणिसाव्या शतकात मांडलेला जमिनीच्या भाडेवाढीचा नियम येथे जसाच्या तसा पाहावयास मिळतो. त्यात ८ सप्टेंबर २०२० रोजी याच खोऱ्यातील टॅलंट आणि फिनिक्स या गावांतून वणवा गेला. सुमारे अडीच हजार घरे भस्मसात झाली, आणि त्यांतील बहुसंख्य फिरत्या घरांच्या वसाहतींतील, म्हणजे मजुरांची आणि अल्प उत्पन्नाच्या वृद्धांची होती.

अशा शहरात माणसे रस्त्यावर आली तर त्यात नवल नाही. नवल आहे ते शहराच्या उत्तराचे. २०१३ मध्ये नगरपरिषदेत या प्रश्नावर बैठक झाली, तेव्हा बेघरांना येथे राहणे इतके त्रासदायक करावे की ते आपण होऊन पुढच्या वाटेला लागतील, असा विचार उघडपणे मांडला गेला. नियमांत 'मुक्काम' या शब्दाची व्याप्ती अशी होती की झोपण्यासाठी अंथरूण, पांघरूण किंवा तत्सम वस्तू वापरली तरी गुन्हा पुरा व्हावा. दंड २९५ डॉलर. तो वेळेत न भरल्यास ५३७ डॉलर ६० सेंट. दोनदा पकडले गेल्यास तीस दिवस उद्यानबंदी. बंदी मोडल्यास अतिक्रमणाचा फौजदारी गुन्हा, तीस दिवसांपर्यंत कैद आणि १२५० डॉलरपर्यंत दंड. ज्याच्यापाशी रात्रीच्या निवाऱ्याचे पैसे नाहीत त्याच्याकडून दंड वसूल करण्याची ही योजना होती. प्रौढ बेघरांसाठी शहराचा स्वतःचा निवारा नव्हता. एका धार्मिक संस्थेचा होता; तेथे प्रार्थनेला हजर राहणे आणि काम करणे सक्तीचे होते.

२०१८ मध्ये सुरू झालेला खटला दोन न्यायालयांत बेघरांनी जिंकला. परंतु २८ जून २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी निकाल फिरविला. न्यायमूर्ती नील गॉर्सच यांनी बहुमताच्या निकालपत्रात म्हटले की हा नियम बेघर असण्याला शिक्षा करीत नाही, मुक्काम करण्याच्या कृतीला करतो. मुक्काम करणारा बेघर आहे, सुटीवर निघालेला पदयात्री आहे की हिरवळीवर तंबू ठोकून निदर्शने करणारा विद्यार्थी आहे, याने काही फरक पडत नाही. न्यायमूर्ती सोनिया सोटोमायोर यांनी विरोधी मतात दाखवून दिले की झोप ही शरीराची गरज आहे, अपराध नव्हे, आणि ज्याला दुसरी जागाच नाही त्याची ही कृती त्याच्या अवस्थेपासून वेगळी काढता येत नाही. बहुमताने जी समानता सांगितली ती कागदावर निर्दोष आहे. सुटीवरचा पदयात्री शहरात पकडला गेला तर तो हॉटेलात खोली घेईल किंवा नदीने वर जाऊन वनात राहुटी ठोकील. बेघर माणूस काय करील?

तोही वनात जाईल, असे कोणी म्हणेल. हजारो जण तसे करतातच. आणि येथेच दोन कायद्यांमागचा खरा कायदा उघडा पडतो. वनसेवेच्या नियमांप्रमाणे विशेष परवान्यावाचून राष्ट्रीय वनाची जमीन निवासासाठी वापरणे हा गुन्हा आहे. राहुटी तीच, चूल तीच, चौदा दिवसही तेच. परंतु ज्याला परत जावयास घर आहे त्याचा मुक्काम मनोरंजन ठरतो आणि ज्याला घर नाही त्याचा निवास ठरतो. मे २०२५ मध्ये ऑरेगनमधीलच बेंड शहराजवळ डेशूट्स राष्ट्रीय वनाचा हजारो एकरांचा भाग वनसेवेने बंद केला. वणव्याचा धोका घटविण्यासाठी झाडोरा विरळ करणे, हे कारण देण्यात आले. तेथे जुन्या मोटारींत आणि तंबूंत राहणाऱ्या शंभराहून अधिक माणसांना निघून जावे लागले. न्यायालयाने स्थगिती नाकारली. त्यांतील काही नोकरी करणारे होते. दिवसा शहराला श्रम विकून रात्री ते वनात झोपत. शहराने त्यांना वनाकडे ढकलले आणि वनाने शहराकडे.

वनसेवेच्या बाजूने जे मुद्दे मांडले जातात ते खोटे नाहीत, आणि त्यांना बगल देणे कार्यकर्त्याला शोभणार नाही. उन्हाळ्यात वाळलेल्या अरण्यात एका चुलीने गाव जळू शकते. शेकडो माणसे महिनोन्‌महिने राहिली तर मैला आणि कचरा ओढ्यांत जातो, आणि रोग ही सामन माशांची नदी आहे. त्यांच्यासाठी तिच्यावरची धरणे २००९ आणि २०१० मध्ये फोडली गेली. वन म्हणजे निवारा नव्हे, आणि तंबूला घर म्हणून मान्यता देणे हे बेघरांच्या प्रश्नाचे उत्तरही नव्हे. पण या युक्तिवादातून निष्पन्न काय होते? शहरात पाणी, शौचालय आणि छप्पर यांची तरतूद करावी, हेच. ती न करता केवळ हाकलणे म्हणजे चूल एका झाडाखालून दुसऱ्या झाडाखाली नेणे आहे. खर्चाचे म्हणाल, तर पोलीस, न्यायालये आणि तुरुंग हेही सार्वजनिक पैशानेच चालतात. जानेवारी २०२४ च्या सरकारी गणनेत अमेरिकेत ७ लाख ७१ हजार ४८० माणसे बेघर आढळली. ती त्या गणनेतील तोवरची सर्वांत मोठी संख्या होती. एवढ्या माणसांना 'पुढच्या वाटेला' लावावयाचे म्हटले, तर ती वाट कोठे संपते हे कोणी तरी सांगितले पाहिजे.

ती वाट कोठे संपावी याचे एक उत्तर जून २०२५ मध्ये पुढे आले, आणि ते अधिक सावधपणे वाचावयास हवे. संघराज्याच्या अर्थसंकल्पी विधेयकात युटाचे सिनेटर माईक ली यांनी वनसेवा आणि भूमी व्यवस्थापन खाते यांच्याकडील वीस ते तीस लाख एकर जमीन विकण्याची तरतूद सुचविली. कारण दिले घरटंचाईचे. बेघरांचे नाव घ्यावे आणि जमीन बांधकाम कंपन्यांच्या हवाली करावी, ही रीत आपल्याला अपरिचित नाही. घरे कोणाला परवडावीत, याची खरी हमी त्या तरतुदीत नव्हती. परंतु विरोध अशा ठिकाणाहून उठला जेथून त्याची अपेक्षा नव्हती: शिकारी, मासेमारीचे शौकीन, मोटारीच्या मागे राहुटी टाकून दरवर्षी रानात जाणारे सामान्य लोक, आणि माँटाना व आयडाहो येथील खुद्द सत्ताधारी पक्षाचे सिनेटर. जूनअखेर ही तरतूद मागे घ्यावी लागली. ज्या मालमत्तेचा उपभोग लोक प्रत्यक्ष घेतात, ती विकणे सरकारला कठीण जाते. ज्या मालमत्तेशी लोकांचा संबंध उरत नाही, ती एका रात्रीत कागदावरून नाहीशी होते. सार्वजनिक क्षेत्राच्या रक्षणाचा हा धडा आपल्या पक्षाने गिरविण्याजोगा आहे.

ब्रँडिस यांच्या दुसऱ्या शिष्यशाखेकडे, म्हणजे आपल्याकडे, वळले की चित्र अधिक कठोर दिसते. गावांच्या स्वतंत्र वनांची कल्पना ब्रँडिस यांनाही मान्य होती, पण १८७८ च्या कायद्यात सरकारी मालकीचा कडवा आग्रह विजयी झाला आणि १९२७ च्या कायद्याने तो पक्का केला. वनात पिढ्यान्‌पिढ्या राहणारा आदिवासी स्वतःच्या अंगणात अतिक्रमक ठरला. २००६ च्या वनहक्क कायद्याने तो अन्याय मान्य होईपर्यंत सव्वाशे वर्षे गेली. भटक्यांच्या पालांची कथा याहून वेगळी नाही. गुन्हेगार जमाती कायदा १८७१ मध्ये आला, १९५२ मध्ये देशभर रद्द झाला. पण गावकुसाबाहेर पाल पडले की संशयाने पाहणारी नजर अद्याप रद्द झालेली नाही. आणि मुंबईच्या फूटपाथवरील झोपड्यांबाबत ओल्गा टेलिस खटल्यात १९८५ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने जे म्हटले ते ग्रँट्स पासच्या निकालाशेजारी ठेवून वाचावे. उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे न्यायालयाने घोषित केले. पण रीतसर नोटीस देऊन फूटपाथ मोकळे करण्याचा महापालिकेचा अधिकारही मान्य केला. तत्त्व जिंकले, झोपडी हरली. तरीही अमेरिकेच्या न्यायालयाने जे तत्त्व म्हणूनसुद्धा स्वीकारले नाही, ते आपल्या सर्वोच्च न्यायालयाने लावलेल्या घटनेच्या अर्थात आज नोंदले गेले आहे. त्याच्या आधारे २०१० मध्ये शहरांत लाख वस्तीमागे शंभर माणसांसाठी एक रात्रनिवारा उभारण्याचे आदेश निघाले. आपल्या शहरात ते निवारे कोठे आहेत, उघडे आहेत की कुलूपबंद, स्त्रियांना तेथे सुरक्षित झोपता येते की नाही, हे पाहण्यासाठी पक्षाच्या शाखांनी कोणाच्या आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही.

या सर्वांतून एक निष्कर्ष निघतो. नदीकाठी फुकट रात्र काढता येणे ही चैन नव्हे. माणसाला पृथ्वीच्या पाठीवर अंग टेकण्याचा जो मूळ हक्क आहे, त्याचा तो उरलेला अवशेष आहे. तो हक्क तिकिटाने विकला जाऊ नये, आणि घरटंचाईच्या नावाखाली त्याची जमीन लिलावात जाऊ नये. पण तेवढ्याने भागत नाही. ज्याला आधीच घर आहे त्यालाच उघड्यावर झोपण्याची परवानगी, अशी अट ज्या हक्काला चिकटलेली आहे, तो हक्क नसून सवलत आहे, आणि सवलत देणारा ती केव्हाही काढून घेऊ शकतो. म्हणून जंगलातील मोकळ्या मुक्कामाचे रक्षण आणि शहरातील निवाऱ्याची मागणी या दोन चळवळी नव्हेत. वनप्रेमी मंडळींनी बेघरांना कचरा समजू नये, आणि निवाऱ्यासाठी लढणाऱ्यांनी वनांना श्रीमंतांचा खेळ समजू नये. दोघांना एकमेकांविरुद्ध उभे करणारा तिसरा पक्ष जमिनीचा व्यापारी आहे, आणि त्याला नदीच्या दोन्ही काठांवर रस आहे. त्याच्यापासून नदी वाचवावयाची असेल, तर तिच्या काठी झोपलेल्या माणसाला प्रथम नागरिक म्हणून ओळखावे लागेल.